शेवटच्या कडव्यातला गजर

मित्रांनो, शेवट आधीच सांगते. अजमानच्या कार्यक्रमात धनंजयला बँडमधून काढून टाकलं. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलं नाही असं समजते आणि सुरुवात करते.

मी एक जुनी बेस गिटार आहे. माझा कारखाना कोणता, ते पाठीवर छापलं होतं. एका मालकाने नेमकं तिथेच फुटबॉल क्लबचं स्टिकर लावलं आणि मी अनाथ झाले. मला चारच तारा. "दोन तुटल्या का?" असं लोक विचारतात. मी अपमान गिळते. माझा आवाज इतका जाड, की मी थांबले तरच लोकांना कळतं की मी वाजत होते.

इथे आखातात, अल नहदा वस्तीतला धनंजयचा एक शेजारी कॅनडाला निघाला, तेव्हा एक पाळणा आणि तीन कुंड्यांबरोबर मी त्याच्याकडे आले. धनंजय एसी दुरुस्त करतो. गावी, राजापूरकडे, तो भजनात पखवाज वाजवायचा. इथे पखवाज वाजला की वॉचमन वर येतो. मी हेडफोन लावून गप्प वाजते, म्हणून आमचं जमलं. नाहीतर माझी जागा फ्रिजमागे होती.

मग हम्मादने अमेरिकन कंट्री गाण्यांचा बँड काढला. हम्माद रत्नागिरीचा, टाइल्सचा व्यापारी, डोक्यावर काउबॉय टोपी. त्याच्या सगळ्या गाण्यांत घोडा तरी जातो नाहीतर बायको तरी. माझं काम सोपं होतं. धूम, धूम, बैलाच्या चालीने चालत राहायचं.

पण भजनात शेवटी गजर लागतो आणि लय चढते. चढली नाही तर बुवा डोळे वटारतात. धनंजयला प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं म्हणजे गजरच वाटायचा.

"धनंजय, आपण घोड्यावर आहोत, विमानात नाही," ड्रम वाजवणारी समिधा म्हणाली.

"ताई, हात आपोआप चढतो."

"उद्या अजमानला चढला तर खलास," हम्माद म्हणाला. "अल रीम बेटावर एक बेसवाला आहे. मी त्याला फोन करीन."

मला फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.

शनिवारी दुपारी अजमानच्या हॉलमध्ये चाळीस माणसं रांगेत उभी राहून, बूट आपटून नाचत होती. दोन गाणी बैलाने ओढली. तिसरं मेलेल्या घोड्याचं, फार दुःखी. शेवटचं कडवं आलं आणि धनंजयने डोळे मिटले. माझ्या तारा तापल्या. समिधा मागून धावली, हम्माद धापा टाकत गायला लागला, मेलेला घोडा उठून चौखूर उधळला. रांगा गरगरल्या. एक बूट उडाला आणि थेट समिधाच्या झांजेवर आपटला. बरोबर समेवर.

गाणं संपलं. हम्मादने टोपी काढली. "धन्या, तू बँडमधून बाद."

धनंजयने मला पेटीत ठेवलं. एकच कडी लावायची राहिली होती, तेवढ्यात नाच शिकवणाऱ्या बाई एकाच बुटात लंगडत आल्या. त्यांना तेच गाणं परत हवं होतं, त्याच वेगाने. पुढच्या महिन्यातही.

हम्मादने टोपी परत घातली. "यल्ला धन्या, चल, पेटी कशाला बंद करतोस?"

"हम्मादभाय, तुम्ही मला आत्ताच काढलंत ना?"

"मी? हबीबी, मी काही बोललो का?"

"मी तर काहीच ऐकलं नाही," झांजेवरचा बूट उतरवत समिधा म्हणाली.

तेव्हापासून मी फ्रिजपुढे असते.

मित्रांनो, घरातल्या वाद्याला उन्हात गाडीत ठेवू नका आणि वाजवून झालं की तारा मऊ फडक्याने पुसा. बाकी वाहतूक खात्यास सविनय विनंती, की दर शनिवारी दुपारी, अजमान हद्दीत, मेलेल्या घोड्याच्या शेवटच्या कडव्यापुरती वेगमर्यादा उठवण्यात यावी. सोबत एक बूट जोडला आहे.