डावा हात वगळून

चंपतला पक्की नोकरी लागली, तीही सहा बोटांसकट. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. अजून काही झालेलं नाही. चंपत डाक्टरसमोर डावा हात पसरून उभा आहे आणि डाक्टर बोटं मोजतोय. तिसऱ्यांदा.

"सहा," डाक्टर म्हणाला.

"हो जी. पयल्यापासून तेवढीच हायेत."

भिलाईत तेव्हा पोलादाच्या कारखान्याच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या. भट्टीला आतून विटा लावणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत चंपत तीन वर्षं कच्चा मिस्त्री होता. पक्कं व्हायचं तर मेडिकलच्या कागदावर 'नॉर्मल' हा शब्द पाहिजे. करंगळीशेजारचं जास्तीचं बोट काढून टाक, डाक्टर म्हणाला, दहा मिनिटांचं काम, लगेच लिहून देतो. सोमवारपर्यंत मुदत.

रिसालीतल्या खोलीत ललितानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. ती दवाखान्यात आया होती. "आमच्या वार्डात नॉर्मल म्हणजे टाके न पडता मोकळी झालेली बाई. तुमी कसे त्यात बसान?" मग आवाज उतरवून, "कापता का मंग?"

"गावात आपल्या हातचं पाणी चालत नव्हतं," चंपत म्हणाला. "इथं आख्खा हात चालते, एक बोट तेवढं चालत नाही. म्हणजे प्रगती हाये. मी काही कापत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं शामरावला गाठलं. शामराव रशियन इंजिनियरांचा दुभाष्या. त्याआधी मास्तर, तोही नॉर्मल पास.

"भाऊ, हे नॉर्मल म्हणजे हाये तरी काय?"

शामराव सायकलवरून उतरलासुद्धा नाही. "कोणाचं पाहिजे? रशियन साहेबाचं 'नर्मालना' म्हणजे ठीक हाये. ताप आला? नर्मालना. छप्पर पडलं? नर्मालना. राऊरकेल्यात जर्मन लोक हायेत ना, त्यांच्याकडं सस्तं पेट्रोल म्हणजे नॉर्मल. फ्रेंचाची नॉर्मल शाळा मास्तर बनवते. ते नाव आपल्याकडं आलं अन् मले डसलं. पण या सगळ्याईची आजी लॅटिन. तिच्यात नॉर्मा म्हणजे गुण्या."

"कोणता गुण्या?"

"तुया पिशवीत हाये तो, बावा."

चंपतनं काटकोन तपासायचा तो लोखंडी गुण्या काढून उलटापालटा पाहिला. तीन वर्षं तो खांद्यावर नॉर्मल घेऊन फिरत होता, आणि कंपनी त्याच्याकडे नॉर्मल मागत होती.

सोमवारी तो दवाखान्यात शिरला आणि नमस्कारही न करता डाक्टरच्या टेबलाच्या कोपऱ्याला गुण्या लावला. फट राहिली. फटीत सहावं बोट आरामात गेलं.

"काय चाललंय?"

"नॉर्मल पाहून राहिलो जी. टेबल नाही तुमचं. कापू?"

"खबरदार!"

दारही गुण्यात बसलं नाही. कपाट तर अजिबात बसलं नाही. बाहेरच्या रांगेनं खिडकीत गर्दी केली. "आता तुमी उभे राहा जी. सरळ." डाक्टर खरंच उभा राहिला, दिवसभर दुसऱ्यांना हेच सांगून सवय लागली होती. चंपतनं त्याच्या मानेला गुण्या टेकवला. "डावा खांदा बोटभर खाली हाये. माह्या बोटानं."

खिडकी हसली. डाक्टर खाली बसला. "सही घेतल्याशिवाय तू जाणार नाहीस?"

"जाईन ना. साही बोटं घेऊन जाईन. पण तिकडं भट्टी अर्धी हाये. ती तुमच्या पाचाईनं पुरी करा."

डाक्टरनं खिडकीतली गर्दी पाहिली, कागद पुढे ओढला. मग लिहिलं: 'डावा हात वगळून नॉर्मल.'

चंपत पक्का झाला. पहिल्याच दिवशी स्टोअरमध्ये हातमोजे घ्यायला गेला, तर बाबूनं उजव्या हाताचा एकच पुढे सरकवला.

"दुसरा?"

"कागद पाह्य ना बे. तुहा डावा हात कंपनीत नाहीच."

चंपतनं तिथंच काउंटरवर अर्ज लिहिला. डाव्या हातानं.

'मेहेरबान स्टोअर अधिकारी साहेब यांस, अर्जदाराचा डावा हात रोज कामावर हजर असूनही नेमणुकीतून वगळला गेला आहे. तरी सदर हाताची स्वतंत्र नेमणूक करून त्यास सहा बोटांचा हातमोजा देण्यात यावा. तसेच ज्या कामगारांस व अधिकाऱ्यांस पाचच बोटे आहेत, त्यांना उरलेले एक बोट वाढवून घेण्यासाठी येत्या सोमवारपर्यंत मुदत द्यावी, ही नम्र विनंती.'