पडणाऱ्याचा चेहरा

मालिकेच्या कचेरीत त्याला सगळे रफूवाला म्हणत. कागदोपत्री तो लेखक होता. पण लिहिण्यासारखं त्याच्या वाट्याला फारसं येत नसे, येत ती भोकं. वादळवीर नावाच्या उडत्या महानायकाच्या गोष्टीला जिथे भोक पडेल तिथे कारणाचं ठिगळ लावायचं, हे त्याचं काम. धुलाईत पोशाख आटला, म्हणून वादळवीराला पाण्याचं वावडं झालं. पुढे पोहण्याच्या तलावाचा मालक जाहिरातदार म्हणून आला, तेव्हा ते वावडं एका गोळीत बरं झालं. आईचं काम करणारी बाई रुसून गेली, म्हणून आईला दरीत ढकललं. तिची समजूत निघाली, तेव्हा तीच आई दार उघडून "किती वाळलास रे!" म्हणाली. दरीचं काय झालं? दरीत झाड होतं. अशी झाडं लावून लावून रफूवाल्याचे केस पिकले होते.

मुखवट्याआडून बोलायचा तो नट. उड्या मारायचा, काचा फोडायचा, पेटत्या गाडीतून बाहेर पडायचा तो रफूवाल्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला हे काम रफूवाल्यानंच लावून दिलं होतं, आणि सेटवर तो त्याला गमतीनं जावईबापू म्हणे. वादळवीर आपण आहोत हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी करारात अट होती. जावईबापूंनी ती इमानानं पाळली. शेजाऱ्यांना वाटे, हा माणूस कुठेतरी गोदामात हमाली करतो आणि धडपडतो फार.

एका दुपारी सज्ज्यावरून झेप घेताना कमरेची तार सुटली. खाली गाद्या होत्या. पण त्या चित्रात येतात म्हणून दिग्दर्शकानं जरा बाजूला सारायला लावल्या होत्या. पडता पडता मुखवटा उडाला. कॅमेरा थांबवायचं कुणाला सुचलं नाही.

मणक्याचं ऑपरेशन झालं. चालाल, पण उड्या विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. रफूवाला भेटायला गेला, तेव्हा जावईबापू छताकडे बघत पडले होते.

"दादा, कॅमेरा चालू होता ना?"

"होता."

"तोंड आलंय?"

"स्वच्छ आलंय."

"मग तेवढं कापू देऊ नका."

बहीण पाण्याचा तांब्या भरत होती, ती गर्रकन वळली. "काय बोलताय? तुम्हाला पडताना बघायचं मी? सगळ्या जगासोबत?"

"अगं, इतकी वर्षं मी जिंकलो, पण दिसलो नाही. आता पडताना का होईना, दिसतोय तर दिसू दे. पुन्हा कुठे मिळणार आहे?"

बहिणीनं भावाकडे पाहिलं. "ऐकलंस? डोक्यालाही मार लागलाय, पण डॉक्टर कबूल करत नाहीत." मग हळूच म्हणाली, "बघ बाबा काही जमतंय का."

दुसऱ्या दिवशी निर्माता संकलकाला सांगत होता, "पडणं फर्स्टक्लास. पण तोंड दिसतंय, उडव."

"उडवू नका," रफूवाला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो न विचारता बोलला होता. "शक्ती संपली की वादळवीराचा चेहरा बदलतो. त्यानं वाचवलेल्या माणसांपैकी एखाद्याचा होतो. क्षणभर."

निर्मात्यानं चष्मा काढला. त्या दिवसांत मूळ नटानं त्याच्या नाकी नऊ आणले होते. सिनेमात जातो म्हणून रोज धमकी, आणि दुपारचे तीन वाजल्याशिवाय मुखवटा चढवत नसे.

"कुणाचाही चेहरा होऊ शकतो?"

"क्षणभर."

"क्षणभरच का?" निर्मात्यानं विचारलं, आणि रफूवाल्याला वाटलं, आपल्याला दाद मिळाली.

पंधरवड्यानं त्याला संकलकाच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर तोच सज्जा, तीच झेप. कंबर तशीच वाकडी झाली, उजवा हात तसाच हवेत काहीतरी शोधत राहिला. मुखवटा उडाला. आत एक गोरागोमटा, नुकताच व्यायामशाळेतून आल्यासारखा मुलगा किंचाळत होता.

"हा आपला नवा वादळवीर," निर्माता म्हणाला. "पडणं तेच ठेवलंय. तोंड कॉम्प्युटरवर बसवलं. कळतंय का कुठे?"

"पण तिथे दुसरा माणूस होता."

"होता ना. आणि चेहरा बदलतो. तुमचाच तर नियम आहे."

रफूवाल्यानं तोंड उघडलं. बोलायला भोक सापडेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गोष्ट कुठेही उसवलेली नव्हती, आणि ती शिवली होती त्यानंच.

आज सांगू, उद्या सांगू करत भाग दाखवायचा दिवस उजाडला. सांगायचंच असं ठरवून तो बहिणीकडे गेला, तर दारात चपलांचा ढीग. करार संपला, आता सांगायला हरकत नाही म्हणून जावईबापूंनी शेजारपाजार बोलावला होता. पाठीला पट्टा, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"या दादा! तुमच्यासाठी पुढची खुर्ची राखलीय."

"जरा आत येता का? बोलायचं होतं."

"नंतर हो. सुरू झालं बघा!"

सगळ्यांनी झेप पाहिली. मुखवटा उडाला. गोरा मुलगा किंचाळला. खोलीत कुणीतरी खोकलं. शेजारचे काका अंदाज घेत म्हणाले, "म्हणजे तुमचं अजून पुढे आहे वाटतं?"

जावईबापू पडद्याकडेच बघत होते. "नाही. हाच तो." मग म्हणाले, "हात बघा. तो हात माझा आहे."

"हो हो," काका म्हणाले. लहान मुलाची समजूत घालतात तसं.

बहिणीनं भावाकडे पाहिलं. त्यानं जाहिरातीकडे पाहिलं. तिनं नवऱ्याच्या पाठीमागची उशी सारखी केली.

शेवटी नावांची पाटी सरकू लागली. आजवर लेखकांच्या घोळक्यात बारीक अक्षरांत हरवणारं रफूवाल्याचं नाव आज एकटंच आलं, मोठ्या अक्षरांत: मूळ कल्पना. त्याला रिमोट कुठे दिसेना.

जावईबापूंनी ते नाव मोठ्यानं वाचलं. मग पाठीचा पट्टा सावरत त्याच्याकडे वळले. चेहऱ्यावर खरा आनंद होता. तोच बघवत नव्हता.

"अरे वा दादा! तुमचं तरी दिसलं," ते म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. शेजाऱ्यांना कशासाठी ते कळलं नाही, पण निदान काहीतरी करायला मिळालं म्हणून त्यांनीही वाजवल्या.