औषध खाणाऱ्याची साक्ष

मी एक जुना जीवाणू आहे. जुना म्हणावे की नवा, हे मलाच ठरवता येत नाही. मी दुभंगतो आणि दोन होतो. त्यातला थोरला कोण, हे कोणी सांगावे? दूर समुद्रातल्या एका बेटावर, सूयाक गावाजवळच्या एका उसाच्या मळ्यात माझे बिऱ्हाड आहे. मित्रांनो, मी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बोलायला जरा संकोच वाटतो.

एकोणीसशे पन्नास सालानंतर मळ्यात तण मारायचे औषध आले. माणसाने बनवलेला असला पदार्थ आमच्या मातीने कधी चाखला नव्हता. तुलसीराम नावाचा मजूर पाठीवर पंप घेऊन दरवर्षी ते औषध फवारी. आम्हाला ते पचेना. मग कधीतरी दुभंगताना आमच्यातल्या एकाच्या घडणीत बारीकशी चूक झाली आणि त्याला ते थोडे पचले. त्याची प्रजा वाढली. तिच्यातही जो भराभर खाई, तोच जास्त पसरे. मी त्या वंशातला. यात माझी हुशारी काही नाही.

बासष्ट सालापर्यंत महिनाभर टिकणारे औषध आम्ही आठवड्यात संपवू लागलो. तण लवकर उगवले आणि बोल तुलसीरामला लागला.

"औषध लपवलंस नि नुसतं पाणी मारलंस!" मजुरांवरचा सरदार देवराज ओरडला.

"आयो सरदार, देवाची आण!"

"देवाला मध्ये आणू नको. सोमवारपासून पंप दुसऱ्याच्या पाठीवर."

तुलसीरामची बायको गंगा पुढे झाली. "सरदार, नवरात्रात घटाला माती पारखून घेता ना? मग माणूस पारखायच्या आधी माती पारखा."

दोन डबे भरले. एकात आमच्या मळ्याची माती, दुसऱ्यात कधीच न फवारलेल्या बांधाची. देवराजने स्वतः औषध कालवून दोन्हींत सारखे ओतले. दहा दिवसांनी गंगाने मूग पेरले. पहिल्या डब्यात मी होतो. न्याय मला कळत नाही. मी खात राहिलो.

घटासारखेच, पेरल्यापासून नवव्या दिवशी डबे पाहिले. बांधाच्या मातीतले मूग पिळवटून आडवे झाले होते. आमचे सरळ, हिरवे.

"माती औषध खाते की काय?" देवराज पुटपुटला.

"औषध तर तुमच्याच हातचं," गंगा म्हणाली. "का तुम्हीपण पाणीच घातलंत?"

मजूर हसले. पंप तुलसीरामकडेच राहिला.

माझे नाव कोणी घेतले नाही; ते ठीकच. पण मित्रांनो, तुम्ही ओताल ते सारे मला पचेल, असे समजू नका. या एका औषधाला आम्हाला दहा-बारा वर्षे लागली. त्याच मळ्यात किड्यांसाठी टाकलेली पांढरी भुकटी अजून तशीच पडून आहे. म्हणून काहीही नवे ओतण्याआधी, आधीचे पचले की नाही ते मूठभर मातीत चार मूग पेरून पाहा.