पार्बताबाईच्या दारातली जप्ती

अकोल्याच्या जुन्या शहरात हार ओवून पोट भरणाऱ्या पार्बताबाईच्या भाड्याच्या खोलीत त्या दिवशी देवळातली वीणा होती. कीर्तनाच्या दिवशी वीणेला फुलं बांधायचा मान तिचा. शेवटची गाठ मारते न मारते तोच दार वाजलं. बाहेर कोर्टाचा बेलीफ नत्थुजी, अन् मागं सावकाराचा कारकून किसनराव.

"दार मोकळं कर बाई. वामनरावावर हुकूमनामा हाय. माल जप्त कराचा हाय."

वामनराव म्हणजे घरमालक, राहायचे बाळापूरला. पार्बताबाईनं मागं वळून वीणेकडे पाहिलं. हे आत शिरले की पहिला हात वीणेलाच घालतील, मग संध्याकाळी कीर्तनाला बुवा काय घेऊन उभे राहतील? ती चटकन बाहेर आली अन् कडी लावून दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"कर्ज त्याईचं, वस्ती माही. आत नाई याचं."

"दार तोडू!" किसनराव गरजले.

"तोडा बरं! कर्जदार राह्यत नाई त्या घराचं दार तोडता येत नाई. कायदा हाय."

"कोन वकील भेटला तुले?"

"गोवर्धनबुवा. एकादशीच्या कीर्तनात सांगतलं."

बुवा आधी कोर्टाबाहेर अर्ज लिहीत. सुदाम्याच्या झोपडीचं वर्णन करतानाही त्यांना कायदा आठवायचा. नत्थुजींनी मिशीतलं हसू दाबलं. "बुवा बरोबर बोलले."

"काहून हो, तुमी आमच्याकडून का हिच्याकडून?"

"कोर्टाकडून." मग नत्थुजी पार्बताबाईकडे वळले. "पन इठ्ठलाची आन घेऊन सांग, आत वामनरावाचं काईच नाई?"

'नाई' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण विठ्ठलाचं नाव घेऊन खोटं कसं बोलावं?

"एक खुर्ची हाय," ती पुटपुटली. "भाडं घ्याले येतात तवा बसतात. थांबा, मीच आनते."

खुर्ची आली. तीन पाय धड, चौथा तुटका; त्याखाली टेकवायची वीटही तिनं आणली.

"हे डोक्यावर घेऊन बाजारातून जाऊ मी?" किसनराव लालबुंद झाले.

"मंग इथंच ठेवू. बाई, तुह्या ताब्यात." नत्थुजींनी कागद केला, पार्बताबाईचा अंगठा घेतला. "आता हे कोर्टाची. कोनाले हात लावू देजो नको."

संध्याकाळी झेंडूनं मढलेली वीणा बुवांच्या खांद्यावर चढली, तेव्हा कुठं पार्बताबाईचा जीव भांड्यात पडला.

महिन्यानं वामनराव आले अन् सवयीनं खुर्चीकडे वळले.

"हां हां, थांबा मालक! ते कोर्टाची हाय. तुमी खाली बसा जी, चटई टाकते."