टाकीत शिरलेला समुद्र

चहाचा पहिला घोट घेतला आणि तसाच बाहेर थुंकून टाकला. खारट. साखरेऐवजी मीठ पडलं म्हणावं, तर मिठाची पुडी अजून फोडलीही नव्हती. नळ सोडून ओंजळीत पाणी घेतलं, जीभ लावली. नळालाच समुद्र येत होता.

वर सुकाणूपाशी आमचे हे बसले होते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत फिरलेला माणूस, निवृत्त झाल्यावर डोक्यात शिडाच्या बोटीचं खूळ शिरलं. दोन माणसं जेमतेम झोपतील एवढी बोट, पुढच्या फळीखाली पाण्याची टाकी. इंजिन नाही. का, तर शिडाची बोट म्हणजे शिडाचीच हवी. समोरच्या किनाऱ्यावर आमची लेक राहते, तिच्याकडे बोटीनंच जायचं हा हट्ट. मी हो म्हटलं ते एका अटीवर. गेल्या वर्षी यांची एक किडनी काढली. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, तहान लागायची वाट बघू नका, दिवसभर पाणी पाजत राहा, उरलेली एक गेली तर काही खरं नाही. म्हणून मी म्हणेन तेव्हा ग्लासभर पाणी निमूट प्यायचं, ही अट.

"अहो, टाकीत खारं पाणी आलंय."

"तूच काहीतरी सांडलं असशील," हे म्हणाले. "तुझा हात जरा सढळच."

मला वादच घालायचा नव्हता. कडेला पालथी पडून मी बोटीची बाहेरची बाजू बघितली. टाकीतलं पाणी वापरलं की आत हवा जायला नळी लागते. ती यांनी स्वतः बसवली होती. प्लंबर बोलावू म्हटलं, तर 'मी काय मेलोय का?' म्हणाले. नळीचं तोंड काढलं होतं पाण्याच्या वर जेमतेम वीतभर. काल सकाळभर बोट वाऱ्यानं त्याच अंगाला कलली होती आणि ते भोक पाण्याखाली होतं. समुद्र आरामात टाकीत जाऊन बसला होता.

तरी मी घाबरले नाही. अडीअडचणीला म्हणून झोपायच्या फळीखाली सहा बाटल्या पाणी मी स्वतः ठेवलं होतं. फळी उचलली. पाच रिकाम्या. आणि नुसत्या रिकाम्या नाहीत, झाकणं घट्ट लावून, मी ठेवल्या होत्या तशाच ओळीनं परत ठेवलेल्या.

पायाखाली जमीन नव्हती म्हणून, नाहीतर सरकलीच असती. काल दुपारपासून चहा यांनी केला, भात यांनी लावला, भांडी यांनी विसळली, मला प्यायचं पाणीही यांनीच हातात आणून दिलं. 'आज तू आराम कर' म्हणाले. सगळ्या संसारात ज्यानं चहाचं आधण ठेवलं नाही तो माणूस! आणि मी वेडी खूश झाले, लेकीला कधी एकदा सांगते असं मला झालं होतं.

उरलेली बाटली घेऊन मी वर गेले.

"कधी कळलं तुम्हाला?"

यांनी बाटलीकडे बघितलं. मग शिडाकडे. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत होतं, वाऱ्याचा पत्ता नव्हता.

"काल दुपारी. गोळी घेताना."

"तेव्हा आपलं बंदर दिसत होतं. फिरलो असतो तर दिवेलागणीला घरात असतो."

"फिरलो असतो तर तू पुन्हा बोटीत पाय ठेवला नसतास. नळी मी बसवलेली. जावयासमोर वाभाडे काढले असतेस."

काढले असते, हे खरंच.

"मला वाटलं, सकाळी पोचू," हे पुटपुटले. "वारा पडेल हे कुणाला ठाऊक? तुला पुरेल एवढं होतं."

"आणि तुम्ही काय प्यायलात?"

काल मी विचारत होते, पाणी प्यायलात का, आणि हे स्टीलचा ग्लास तोंडाला लावून गटगट घसा हलवून दाखवत होते. रिकामा ग्लास. माझ्यासमोर, एका हाताच्या अंतरावर. आता नीट बघितलं तर ओठ फुटलेले, जीभ जड झालेली. हे उठायला गेले तर झोक जाऊन माझ्याच अंगावर आले.

बाटली मी यांच्या तोंडाला लावली आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत काढली नाही. मग वायरलेस उचलला. यांनी माझं मनगट धरलं.

"नको गं. लोक हसतील."

"हसू देत. मला विधवा व्हायची घाई नाही."

बंदराची गस्तीची बोट आली, आम्हाला ओढत नेलं, तिथून थेट हॉस्पिटल. सलाईन लावली. डॉक्टर मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. कागद घेऊन कॉटपाशी उभी राहिली.

"काका, कालपासून पाणी किती प्यायलात?"

"झाले असतील आठ-दहा ग्लास," हे म्हणाले.

सरळ तिच्या डोळ्यांत बघून. आवाज शांत, चेहऱ्यावर रेष हललेली नाही. मी शेजारीच उभी होते, तरी माझ्याकडे चोरून बघितलंसुद्धा नाही. ती लिहायला लागली.

"काल एकही नाही, आज मी पाजली तेवढी एक बाटली," मी म्हटलं. "डॉक्टर, यांना काही विचारू नका. सगळं मला विचारा."

तिनं यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लिहिलेलं खोडलं.

"बरं, काकू. ऑपरेशननंतर यांना कधी दुखलं? लघवीला त्रास, अंगावर सूज, रात्री ताप, असं काही?"

मी तोंड उघडलं. वर्षभर रोज सकाळी मी यांना विचारत होते आणि रोज हे म्हणत होते, ठणठणीत. तेच मी आता तिला सांगायला निघाले होते. कॉटवर यांनी डोळे मिटून घेतले.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.