बारीक खांब

गोकुळदासांच्या डिचोलीतल्या फर्निचर शोरूमचे खांब लोखंडी होते. बारीक, पांढरे, देखणे. बांधकाम चालू असताना त्यांची इंजिनिअर पुतणी गौरवी म्हणाली होती, खांबांना सिमेंटचं जाड कवच घाला. काकांनी तिला चहा पाजला. "गे बाय, सोफा बघायला आलेल्या माणसाला हत्तीचे पाय दाखवू?" शिवाय लोखंड पेटत नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

एका दुपारी तळमजल्यावरच्या फोमच्या गाद्या पेटल्या, तेव्हाही लोखंड पेटलं नाही. गिऱ्हाइकं बाहेर पळाली. वरच्या मजल्यावर शिसवी माल होता. तो बाहेरच्या जिन्याने उतरवायला काकांनी दुकानातल्या निवृत्तीला लावलं. निवृत्ती चंदगडचा, सांगितलेलं ऐकणारा, म्हणून काकांचा लाडका.

गौरवी धावत आली. "काका, त्याला खाली बोलवा. मजला बसेल."

"खांब उभे आहेत की."

"तापलं की लोखंड लांबायला बघतं. वरची तुळई लांबू देत नाही, मग ते कुशीला वाकतं. तोवर निम्मी ताकद गेलेली असते."

"मऊ पडायला तो पोदेराचा पाव काय गे?"

जमलेली माणसं हसली. काका खुलले.

निवृत्ती दोन खुर्च्या घेऊन खाली आला. "जरा सरा, ताई." ती सरली, त्याने खुर्च्या ठेवल्या, तो पुन्हा वर गेला. ती काकांकडे वळली. बारीक खांब तर आणखी लवकर तापतो, हा मुद्दा राहिला होता. हुशार मुलगी, मुद्दा अर्धवट सोडत नाही.

मधल्या खांबाला पोट सुटल्यासारखं दिसू लागलं.

"बघा," गौरवी म्हणाली.

काकांनी बघितलं. त्यांना पटलं. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मजला निवृत्तीसकट खाली आला.

आता काका भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "आमच्या गौरवीने आधीच सांगितलेलं. पोरीचा शब्द न् शब्द खरा." आवाजात दुःख असतं, थोडा अभिमानही.

निवृत्तीची बायको सिंधू काकांकडे त्याचे कपडे न्यायला आली, तेव्हा गौरवी तिथेच होती.

"ताई, तुम्हाला समजलं होतं म्हणे, पडणार ते."

"हो. मी सारखी सांगत होते."

"आमच्या ह्यांना?"

"काकांना."

सिंधूने पिशवीची गाठ मारली. "बरोबर," ती म्हणाली. "मालक समोर असताना ह्यांच्याशी कोण बोलणार."