गाव कोणतं, मॅडम?

अंबिका फिजिओथेरपिस्ट, आणि माणसांना बोलतं करण्यात आपला हातखंडा आहे, असा तिचा समज. त्यासाठी तिनं दोन दिवसांचं शिबिरही केलं होतं. हसायचं, नावानं हाक मारायची, मोकळा प्रश्न विचारायचा. करमाडच्या आवडाबाईंपुढं मात्र सगळं शिबिर पाण्यात गेलं.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले, तरी बाई पाय वाकवतील तर शपथ! "कसं वाटतंय, मावशी?" "बरंय." संपलं. तोंड परत भिंतीकडं. शुक्रवारपर्यंत गुडघा काटकोनात आला नाही, तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंना साखरेचा आजार, आधीच्या भुलीतूनच त्या कशाबशा सावरलेल्या. अंबिकाला त्याचाच घोर लागला होता.

खरं तर पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, "तुमचं गाव कोणतं, मॅडम?" अंबिकाला या प्रश्नाची भारी चीड. आधी गाव, मग आडनाव, मग जात. हे वळण तिला पाठ होतं. "इथलीच, सिडकोतली," म्हणत तिनं विषय तोडला होता. गुरुवारी दुपारी तिला ते आठवलं आणि ती मनातून ओशाळली. बाईंनी बोलणं काढलं होतं, ते हिनंच बंद केलं होतं.

ती खुर्ची ओढून बसली. "मावशी, तुमचं माहेर कोणतं?"

तोंड भिंतीकडून वळलं. "लासूर स्टेशन. भाऊ हाय तिथं. गाडीत चढता येईना, म्हणून चार वर्षं गेलेच नाय."

"पायरी केवढी उंच असते हो?"

"लई उंच!" बाईंनी हात वर केला.

"हातानं नको, पाय उचलून दाखवा."

अंबिकानं टाचेखाली हात धरला. बाई भावाचं सांगत गेल्या, भावजयीच्या कागाळ्या करत गेल्या, अन् गुडघा हळूहळू वाकत गेला. मध्येच "आई गं!" म्हणून ओरडल्या, पण थांबल्या नाहीत.

"आता तुमचं सांगा. सिडको म्हंजी काय गाव व्हय?"

अंबिकानं टाच अलगद खाली ठेवली. "खरं सांगू? मला गावच नाही, मावशी. आजोबांनी सोडलं, नंतर घरात कुणी नावसुद्धा काढलं नाही. म्हणून विचारलं की राग येतो."

"अगं माय! एवढंच? मंग करमाड सांगत जा. कुणाकडची इचारलं, तर आवडाबाईकडची म्हणावं."

शुक्रवारी डॉक्टरांनी कोन मोजला. नव्वद भरला, भूल टळली.

सोमवारी खांदा आखडलेले शेंद्र्याचे एक आजोबा आले. बसता बसताच म्हणाले, "गाव कोणतं, मॅडम?"

"करमाड."

"अरे वा, शेजारीच की! कुणाकडची?"

"आवडाबाईकडची," अंबिका म्हणाली, आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.